साखळींतील नोंदींचा शोध

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं व्यापाऱ्याच्या पेढीवर नव्या वह्यांची पूजा होते. त्या वह्यांत दोन मुख्य असतात: रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दींत दिवसभराचे व्यवहार ज्या क्रमानें घडले त्याच क्रमानें लिहिले जातात. खतावणींत तेच व्यवहार माणसांच्या व मालाच्या नांवांवर वांटून मांडले जातात. अमुक गृहस्थाकडून वर्षभरांत किती रक्कम आली, असा प्रश्न कोणीं केला, तर मुनीम खतावणी उघडतो आणि क्षणांत उत्तर देतो. खतावणी ठेवलीच नसेल, तर मात्र त्याला रोजकीर्दीचें पान न् पान उलटावें लागतें. ब्लॉकचेन ह्या नांवानें २००९ सालापासून हिशेबाची जी नवी पद्धति प्रचारांत आली आहे, ती अशी खतावणीवांचूनची एक प्रचंड रोजकीर्द आहे. तिच्यांतून हवी ती नोंद नेमकी कशी काढतात, काढतांना कोठें फसगत होते, आणि त्या फसगतीची किंमत कोणाला द्यावी लागते, हा ह्या भाषणाचा विषय आहे.

सातोशी नाकामोटो ह्या टोपणनांवानें ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं एक निबंध प्रसिद्ध झाला, आणि ३ जानेवारी २००९ रोजीं त्यांतील योजनेबरहुकूम बिटकॉइनच्या वहीचें पहिलें पान तयार झालें. ह्या पानाला ब्लॉक म्हणतात. प्रत्येक ब्लॉकाच्या शिरोभागांत त्याच्या आधींच्या ब्लॉकाचा गणिती ठसा असतो. त्यामुळें मागील एखाद्या पानावरचा एक आंकडा जरी कोणीं बदलला, तरी पुढील साऱ्या पानांचे ठसे चुकतात आणि लबाडी उघडी पडते. वही एका पेढींत कुलपाखालीं नसते. तिच्या सारख्याच प्रती जगभरच्या हजारों संगणकांवर असतात. अशा प्रत बाळगणाऱ्या संगणकाला नोड हें नांव आहे.

व्हिटालिक ब्यूटेरिन ह्या तरुणानें २०१३ सालीं मांडलेली आणि ३० जुलै २०१५ रोजीं प्रत्यक्ष सुरू झालेली ईथिरियम ही साखळी ह्याच्या एक पाऊल पुढें गेली. तिच्या वहींत रकमांच्या देवघेवीबरोबर लहान लहान आज्ञावल्याही ठेवतां येतात. एखादी आज्ञावली एकदां वहींत दाखल झाली, म्हणजे तिला स्वतःचा पत्ता मिळतो, आणि कोणीही तिला ठराविक शुल्क भरून काम सांगूं शकतो. ह्या आज्ञावल्यांना स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात; मराठींत त्यांना नुसतें 'करार' म्हटलें तरी चालण्यासारखें आहे. डॉलरच्या किंमतीशीं बांधलेलें, २०१८ सालीं निघालेलें यूएसडीसी हें नाणें म्हणजे असा एक करार होय. कोणत्या पत्त्यावर किती नाणीं आहेत ह्याचा तक्ता तो करार स्वतःजवळ ठेवतो, आणि मालकानें सांगितलें कीं एका पत्त्याची रक्कम कमी करून दुसऱ्याची वाढवितो.

येथें एक अडचण उभी राहते. करारापाशीं असलेला तक्ता फक्त आजची शिल्लक सांगतो. ती शिल्लक कशी झाली हें सांगत नाहीं. इतिहासही त्याच तक्त्यांत लिहून ठेवावा असें कोणीं म्हणेल, तर त्याचा खर्च परवडत नाहीं. ईथिरियमवर प्रत्येक कामाचें मोल 'गॅस' नांवाच्या एककांत मोजलें जातें. कराराच्या कायम साठ्यांत बत्तीस बाइटांची एक नवी जागा भरावयाची, तर सुमारें २२,००० एकक गॅस लागतो. म्हणून ह्या यंत्रणेच्या कर्त्यांनीं दुसरी स्वस्त सोय करून ठेवली. करारानें काम करतां करतां 'असें असें घडलें' एवढें जाहीर करावें, आणि ती जाहिरात त्या व्यवहाराच्या पावतीवर कायमची छापली जावी. ह्या जाहिरातीला इव्हेंट म्हणजे घटना, आणि तिच्या छापील रूपाला लॉग म्हणजे नोंद म्हणतात. तिचा दर असा: प्रत्येक नोंदीला ३७५, तींतील प्रत्येक मथळ्याला ३७५, आणि मजकुराच्या प्रत्येक बाइटाला ८ एकक. तीन मथळे व बत्तीस बाइट मजकूर असलेल्या नोंदीला ह्या हिशेबानें १,७५६ एकक पडतात, म्हणजे साठ्यांतल्या एका जागेच्या बाराव्या हिश्श्याहूनही कमी. स्वस्ताईच्या बदल्यांत एक अट मात्र आहे: ही नोंद कोणत्याही कराराला स्वतः वाचतां येत नाहीं. ती बाहेरच्या वाचकासाठींच असते.

आतां नोंदीची अंगें पाहूं गेल्यास तीं तीन आहेत: पत्ता, मथळे आणि मजकूर. पत्ता म्हणजे ज्या करारानें जाहिरात केली त्याचा वीस बाइटांचा पत्ता. हा पत्ता यंत्रणाच घालते, करार घालीत नाहीं; त्यामुळें एका करारास दुसऱ्याच्या नांवानें नोंद करतां येत नाहीं. मथळे जास्तींत जास्त चार असतात, आणि प्रत्येक मथळा बत्तीस बाइटांचा असतो. मजकुराला तशी मर्यादा नाहीं. खर्च सोसेल तितका लिहावा.

पहिल्या मथळ्याची योजना मोठी चतुराईची आहे. घटनेचें नांव आणि तिच्या घटकांचे प्रकार एकापुढें एक लिहून त्या अक्षरांचा 'केचॅक' नांवाच्या गणिती रीतीनें ठसा काढतात, आणि तो ठसा पहिल्या मथळ्याच्या जागीं बसवितात. नाण्यांच्या हस्तांतरणाच्या घटनेचें नांव 'ट्रान्सफर' असें आहे. तिचे घटक तीन, देणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि रक्कम. ह्या नांवाचा ठसा 'डीडीएफ२५२एडी' ह्या चिन्हांनीं सुरू होतो, आणि सगळ्या जगांत कोठल्याही करारानें ही घटना जाहीर केली, तरी ठसा तोच. ठसा काढतांना मध्यें एक मोकळी जागा राहिली किंवा प्रकाराचें पूर्ण नांव लिहावयाच्या ऐवजीं संक्षेप लिहिला गेला, तर निराळाच ठसा निघतो, आणि शोध घेणाऱ्याच्या हातीं कांहीं लागत नाहीं. शोध रिता गेला म्हणजे नोंदच नव्हती असा समज होतो. वस्तुतः चुकी लेखणीची असते.

उरलेल्या तीन मथळ्यांत करार लिहिणाऱ्यानें निवडलेले घटक बसतात. यूएसडीसीच्या हस्तांतरणांत देणारा दुसऱ्या मथळ्यांत, घेणारा तिसऱ्यांत, आणि रक्कम मजकुरांत असते. ही निवड करार लिहितांनाच एकदां होते आणि मागाहून बदलतां येत नाहीं. तिचें महत्त्व एका उदाहरणानें ध्यानांत येईल. २०१७ सालच्या अखेरीस 'क्रिप्टोकिटीज' नांवाचा चित्रमय मांजरांचा खेळ ईथिरियमवर इतका गाजला कीं त्याच्या गर्दीनें सबंध साखळी तुंबली. त्या खेळाच्या करारांत मांजराच्या हस्तांतरणाचे तिन्ही घटक मजकुरांत ठेवलेले होते. मथळ्यांत एकही नव्हता. त्यामुळें एका माणसाच्या मांजरांचा इतिहास हवा असला, तर सगळ्यांच्या मांजरांच्या नोंदी मागवून त्यांतून त्याच्या वेंचून काढाव्या लागतात. दुसरा एक बारकावा असा कीं, लांबीला धरबंध नसलेला घटक, उदाहरणार्थ एखादें वाक्य, मथळ्यांत ठेवला, तर त्याचा केवळ ठसा उरतो. ठशावरून ओळख पटवितां येते, परंतु मूळ वाक्य परत मिळत नाहीं. आंगठ्याच्या ठशावरून माणसाचें नांव वाचतां येत नाहीं तसेंच हें आहे.

एवढी तयारी झाल्यावरही प्रश्न उरतोच. लक्षावधि ब्लॉकांपैकीं हवी ती नोंद कोणत्या ब्लॉकांत आहे हें नोडला कसें कळावें? ह्यासाठीं बर्टन ब्लूम ह्या गणकशास्त्रज्ञानें १९७० सालीं सुचविलेल्या युक्तीचा आश्रय करण्यांत आला. प्रत्येक ब्लॉकाच्या शिरोभागांत २,०४८ खणांची एक पट्टी असते. ब्लॉकांतील प्रत्येक नोंदीचा पत्ता आणि प्रत्येक मथळा घेऊन त्याच्या ठशाच्या आधारें तीन खण निवडतात व त्यांवर खूण करतात. पुढें कोणी विशिष्ट पत्ता शोधूं लागला, कीं त्याचेही तीन खण काढावयाचे. त्यांपैकीं एकही कोरा असला, तर ती नोंद त्या ब्लॉकांत खात्रीनें नाहीं. तिन्हींवर खुणा असल्या, तर ती असण्याचा संभव आहे, इतकेंच. कारण त्या खुणा दुसऱ्या कोणामुळेंही झालेल्या असूं शकतात. ही चाळणी 'नाहीं' म्हणते तें वेदवाक्य, आणि 'आहे' म्हणते तें ऐकीव, असें म्हटलें तरी चालेल. कालांतरानें ब्लॉकांतील नोंदी इतक्या वाढल्या कीं पट्टीचे बहुतेक खण भरूं लागले, आणि चाळणीचीं भोकें मोठीं झालीं. म्हणून पुष्कळ नोड आतां आपल्यापुरती वेगळी सूची करून ठेवतात. 'गेथ' ह्या सुप्रसिद्ध नोड-आज्ञावलीनें २०२५ सालीं अशीच नवी सूची स्वीकारली.

प्रत्यक्ष शोध कसा घेतात हें एका कल्पित उदाहरणानें पाहावें. परदेशांतील एका संस्थेनें यूएसडीसीच्या रूपानें देणग्या स्वीकारण्यासाठीं आपला पत्ता जाहीर केला. वर्षअखेरीस तिच्या हिशेबतपासनिसाला जाणावयाचें आहे, कीं त्या पत्त्यावर कोणाकोणाकडून किती रक्कम आली. ह्यासाठीं पायथन भाषेंतील 'वेब-थ्री-पाय' हें मुक्त साधन त्याला उपयोगी पडतें. हें साधन नोडशीं संभाषण करतें; नोडला विचारावयाच्या प्रश्नाचें ठरलेलें नांव 'ईथ-गेट-लॉग्ज' असें आहे, आणि त्यांत चार गोष्टी सांगावयाच्या असतात: कोणत्या ब्लॉकापासून, कोणत्या ब्लॉकापर्यंत, कोणत्या कराराच्या, आणि कोणत्या मथळ्यांच्या नोंदी हव्यात. दोन्ही टोंकांचे ब्लॉक धरले जातात, हें विसरूं नये.

मथळ्यांची मागणी जागेनुसार करावयाची असते. पहिल्या जागीं हस्तांतरणाचा ठसा. दुसऱ्या जागीं, देणारा कोणीही चालेल म्हणून, रिकामी खूण. तिसऱ्या जागीं संस्थेचा पत्ता. पत्ता वीस बाइटांचा आणि मथळा बत्तीसांचा, म्हणून पत्त्याच्या आधीं बारा बाइट शून्यें भरावीं लागतात. हातानें प्रश्न लिहिणारे नवशिके ह्याच ठिकाणीं अडखळतात. वेब-थ्री-पाय तें काम मुकाट्यानें करून देतें. एका जागीं अनेक पर्याय दिले, तर त्यांपैकीं कोणताही चालतो. निरनिराळ्या जागांच्या अटी मात्र एकाच वेळीं सर्व पाळल्या गेल्या पाहिजेत. ह्यांतून एक विचारांत टाकणारी गोष्ट निघते. 'संस्थेनें दिलेल्या किंवा संस्थेला मिळालेल्या' अशा दोन्ही प्रकारच्या नोंदी एका प्रश्नांत मागतां येत नाहींत, कारण 'किंवा' हें दोन जागांच्या मध्यें बसत नाहीं. दोन प्रश्न विचारून उत्तरें एकत्र करावीं लागतात. आणि संस्थेनें स्वतःलाच रक्कम पाठविली असेल, तर ती नोंद दोन्हींकडे येईल, म्हणून व्यवहाराचा ठसा व नोंदीचा क्रमांक पाहून दुहेरी नोंद गाळावी लागते.

रकमेवरून चाळणी लावावयाची, म्हणजे हजारावरच्याच देणग्या हव्यात असें म्हणावयाचें, तर नोड मदत करीत नाहीं, कारण रक्कम मथळ्यांत नसून मजकुरांत आहे. मजकुरांतील घटकावर नेमक्या मूल्याची चाळणी वेब-थ्री-पाय लावूं देतें खरी. परंतु ती नोंदी घरीं आल्यावर साधन स्वतः लावतें. मथळ्यांची चाळणी नोडच्या दारांत लागते, मजकुराची आपल्या अंगणांत. वरून दोन्ही सारख्या दिसल्या, तरी पहिलीनें येणारा माल कमी होतो आणि दुसरीनें केवळ आलेला माल निवडला जातो. हा भेद ज्याला उमगला नाहीं, तो सबंध वर्षाच्या सगळ्या जगाच्या नोंदी मागवून बसतो आणि साधनाला दोष देतो.

वर्षाची मागणी एकदम करणेंही इष्ट नसतें. ईथिरियमवर बारा सेकंदांस एक ह्या मानानें दिवसाला ७,२०० आणि वर्षाला सुमारें २६ लक्ष ब्लॉक होतात. भाड्यानें नोड पुरविणाऱ्या कंपन्या एका प्रश्नांतील ब्लॉकांच्या किंवा उत्तरांतील नोंदींच्या संख्येवर मर्यादा घालतात. मर्यादा दहा हजार ब्लॉकांची धरली, तर एका प्रश्नांत तेहतीस तासांहून थोडा अधिक काळ मावतो आणि वर्षाला २६३ प्रश्न लागतात. शहाणा कारागीर काळाचे तुकडे पाडतो, उत्तर फार मोठें आलें तर तुकडा निम्मा करतो, आणि कोठपर्यंत वाचून झालें तो ब्लॉक वहींत टिपून ठेवतो. मध्येंच वीज गेली, तर पुन्हां आरंभापासून दळण दळावें लागत नाहीं.

नोंदी हातीं आल्यावर त्यांचा अर्थ लावावयाचा असतो. त्यासाठीं कराराचें एबीआय नांवाचें वर्णनपत्रक लागतें. कोणता घटक कोठें व कोणत्या प्रकारचा, हें त्यांत असतें. मजकुरांत २५,००,००,००० हा आंकडा सांपडला, तर तपासनिसानें दचकूं नये. यूएसडीसी आपली रक्कम दशलक्षांशांत मोजतें, म्हणून ही देणगी २५० नाण्यांची आहे. दुसऱ्या पुष्कळ नाण्यांत रुपयाआण्यांऐवजीं अठरा दशांशस्थळें असतात. दोहोंचा घोटाळा केला, तर देणगी शून्यवत् दिसते किंवा कुबेराला लाजवील इतकी फुगते. आणखी एक सारखेपणा फसवा आहे. एकमेकांच्या जागीं चालणाऱ्या नाण्यांचा नियम ईआरसी-२०, आणि प्रत्येक नग निराळा असलेल्या वस्तूंचा नियम ईआरसी-७२१. दोहोंत हस्तांतरणाच्या घटनेचें नांव व घटकांचे प्रकार एकच असल्यानें पहिल्या मथळ्याचा ठसाही एकच येतो. परंतु पहिल्यांत रक्कम मजकुरांत असते, तर दुसऱ्यांत वस्तूचा क्रमांक चौथ्या मथळ्यांत असतो. मथळे मोजल्याशिवाय वाचणारा मनुष्य चित्राच्या क्रमांकाला रक्कम समजून बसतो.

आतां काळाची अडचण. साखळीच्या टोंकाकडील ब्लॉक ओल्या शाईनें लिहिलेल्या पानासारखे असतात. दोन ब्लॉक एकाच सुमारास पुढें आले, तर यंत्रणा त्यांपैकीं एक स्वीकारते आणि दुसरा टाकून देते. टाकलेल्यांतील नोंदीही त्याच्याबरोबर जातात. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं ईथिरियमनें आपली पद्धति बदलल्यापासून ब्लॉक पक्का होण्यास साधारणतः तेरा मिनिटें लागतात. नोडला 'नवीनतम' ब्लॉक विचारतां येतो, तसाच 'पक्का झालेला' ब्लॉकही विचारतां येतो. जो नोंदी येतील तशा थेट ऐकत असतो, त्याला टाकल्या गेलेल्या नोंदीबद्दल 'काढून टाकली' अशी सूचना मिळते. परंतु ती ऐकण्याची व्यवस्था त्यानें केलेली असली पाहिजे. पैशाच्या कामांत तेरा मिनिटें वाट पाहणें हाच धोपट मार्ग होय. ओली शाई वाळण्याआधींच माल हवालीं करणाराला मागाहून हळहळण्याचा प्रसंग येतो.

नोंदींत काय सांपडत नाहीं, हेंही ठाऊक असावें. फसलेल्या व्यवहाराची नोंद उरत नाहीं. ईथिरियमच्या मूळ रचनेंत ईथर ह्या खुद्द साखळीच्या नाण्याच्या साध्या हस्तांतरणाचीही नोंद उमटत नाहीं; म्हणून वरील संस्थेला कोणीं ईथर दिलें असेल, तर त्याचा पत्ता ह्या वाटेनें लागणार नाहीं. शिवाय जुन्या पानांचा भार फार झाल्यामुळें जुलै २०२५ पासून नोडांना सप्टेंबर २०२२ पूर्वींचीं पानें स्वतःजवळ न ठेवण्याची मुभा मिळाली आहे. तीं पानें नष्ट झालीं असें नाहीं; परंतु तीं सर्व नोडांपाशीं मिळतीलच, ही पूर्वींची खात्री आतां उरली नाहीं.

ह्या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे नोंदीवर ठेवावयाच्या विश्वासाची. नोंद पुसतां येत नाहीं, म्हणून ती खरीच असली पाहिजे, असा एक भाबडा समज रूढ आहे. वस्तुतः नोंद एवढेंच सिद्ध करते, कीं अमुक करारानें अमुक शब्द उच्चारले. ते शब्द खरे कीं खोटे, हें त्या कराराच्या आज्ञावलीवर अवलंबून असतें. कोणीही मनुष्य उद्यां 'यूएसडीसी' ह्याच नांवाचा करार लिहूं शकतो आणि त्याच्याकडून 'दहा लक्ष नाणीं जमा' अशी घोषणा करवूं शकतो. ठसा तोच, मथळे तेच; वेगळा असतो तो फक्त जाहीर करणाऱ्याचा पत्ता. ज्यानें पत्त्याची चाळणी लावली नाहीं, तो फसलाच. खरा करारदेखील चकवूं शकतो. शून्य रकमेचें हस्तांतरण कित्येक करार कोणाच्याही नांवानें करूं देतात, कारण त्यांत कोणाचें कांहीं जात नाहीं. ह्याचा फायदा घेऊन भामटे नेहमींच्या पत्त्यासारखा दिसणारा पत्ता तयार करतात आणि त्याला शून्य नाणीं 'पाठविल्याची' नोंद दुसऱ्याच्या इतिहासांत घुसवितात. मालक पुढच्या वेळीं घाईनें इतिहासांतून पत्ता उचलतो आणि खरी रक्कम भामट्याच्या हवालीं करतो.

जानेवारी २०२२ मध्यें क्यूबिट फायनान्स नांवाच्या संस्थेवर आलेला प्रसंग ह्या बाबतींत मोठा बोलका आहे. तिनें ईथिरियम आणि बायनान्स स्मार्ट चेन ह्या दोन साखळ्यांमध्यें पूल बांधला होता. ईथिरियमवर कोणीं ठेव ठेवली, कीं तेथला करार 'ठेव आली' अशी नोंद करी. ती नोंद वाचणारी आज्ञावली पलीकडच्या साखळीवर तितक्याच रकमेचीं प्रतिनिधि-नाणीं काढून देई. त्या करारांत ठेवीची एक जुनी रीत तशीच राहून गेली होती, आणि नाण्याच्या पत्त्याच्या जागीं नुसतीं शून्यें दिलीं असतां ती रीत कांहींही न घेतां यशस्वी होत असे. हल्लेखोरानें नेमकें तेंच केलें. एक पैही आली नाहीं. नोंद मात्र उमटली. पलीकडच्या आज्ञावलीनें नोंद निष्ठेनें वाचली, नाणीं काढून दिलीं, आणि तीं तारण ठेवून हल्लेखोरानें सुमारें ८ कोटी डॉलरांची मालमत्ता उचलली. येथें नोंद पुसली गेली नव्हती, बनावट सहीची नव्हती, वाचणाऱ्यानेंही ती चुकीची वाचली नव्हती. रोजकीर्दींत 'जमा' लिहिलें होतें आणि गल्ल्यांत कांहीं नव्हतें. गल्ला उघडून पाहण्याचें कोणाला सुचलें नाहीं. ज्यांनीं आपल्या ठेवी त्या संस्थेंत ठेवल्या होत्या, त्यांना त्या चुकीचा भुर्दंड बसला.

असा पूल काळजीनें बांधतां येतो, ह्याचें एक उदाहरण मुंबईशीं संबंधित आहे. जयंती कानानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन ह्यांनीं २०१७ सालीं मुंबईंत 'मॅटिक' ह्या नांवानें आरंभिलेली साखळी २०२० सालीं चालू झाली आणि २०२१ सालीं तिचें नांव 'पॉलिगॉन' झालें. तिच्या प्रयोगासाठींच्या साखळीचें नांवच 'मुंबई' होतें. ती एप्रिल २०२४ मध्यें बंद झाली. ईथिरियमवरून पॉलिगॉनवर ठेव न्यावयाची, तर ईथिरियमवरील एका नेमलेल्या करारानें 'स्टेट-सिंक्ड' ही घटना जाहीर करावी लागते. पॉलिगॉनचे पडताळणीकर्ते ती नोंद ऐकतात. पण एकानें ऐकलें म्हणून दुसरा मान डोलवीत नाहीं. प्रत्येकजण व्यवहाराची पावती आपल्या ईथिरियम नोडकडून मागवितो, नोंद नेमलेल्या कराराचीच आहे ना, तिचा क्रमांक व मजकूर जुळतो ना, हें पाहतो, आणि मगच आपलें मत देतो. ह्यानें जाहीर करणाऱ्या करारांतला दोष नाहींसा होतो असें नव्हे. परंतु वाचणाऱ्याच्या बाजूनें जेवढी दक्षता घेतां येते, तेवढी घेतली जाते.

ह्या विवेचनाचा इत्यर्थ काय? वेब-थ्री-पायसारखें साधन हें उत्तम कारकून आहे. सांगितलेलें पान तें अचूक काढून देतें, रकाने लावून देतें, शून्यें मोजून देतें. परंतु कोणत्या पेढीची वही वाचावयाची, शाई वाळली आहे कीं नाहीं, आणि 'जमा' ह्या शब्दामागें गल्ल्यांत रोकड आहे कीं नाहीं, हे प्रश्न त्याला पडत नाहींत. ते विचारणाऱ्यालाच पडले पाहिजेत. जुन्या पेढ्यांवरचे वृद्ध मुनीम दिवस मावळतां रोजकीर्दीची शिल्लक आणि गल्ल्यांतील रोकड ताडून पाहिल्यावांचून घरीं जात नसत. वही आतां कागदाची राहिली नाहीं आणि गल्ला लाकडाचा राहिला नाहीं. ताळा पाहण्याची ती संवय मात्र अजून तितकीच उपयोगाची आहे.